आंबोली टोड पावसात ढिगाने दिसतो, मग तो अतिसंकटग्रस्त कसा?

जूनमध्ये आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एका संध्याकाळी एवढे टोड (भेकाच्या कुळातले बेडूक) दिसले, तर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ का म्हटलंय, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे. पण हा दर्जा डोकी मोजून ठरलेला नाही, तो प्राण्याच्या पसाऱ्यावरून ठरलाय. एखाद्या जातीचा वावर १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी भागात असेल, ती एकाच ठिकाणी सापडत असेल आणि तिथला अधिवासही खालावत चालला असेल, तर ती या गटात जाते. मूल्यांकन झालं तेव्हा या टोडची माहीत असलेली जागा एकच होती, आंबोली.

तुम्हाला ते ढिगाने दिसले याचं कारण त्यांच्या विणीत आहे. पहिल्या जोरदार सरी पडल्या की जांभ्याच्या कातळावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि वर्षभर दगडांखाली, पाल्यात दडलेले टोड थोड्याच दिवसांत तिथे गोळा होतात. नरांची झोंबाझोंबी, माद्यांची अंडी, सगळं तेवढ्यात उरकतं. आपल्या अंगणातला नेहमीचा भेक हजारो अंड्यांच्या माळा सोडतो, याची मादी मात्र मोजकीच अंडी घालते. पावसाने चार दिवस दडी मारली तर खळगा आटतो, फार झोडपलं तर पिल्लं वाहून जातात. म्हणजे अख्खी पिढी त्या वीतभर पाण्यावर अवलंबून. नेमक्या त्याच दिवसांत घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक चिरडले जातात, सड्यावर बांधकामाचा राडारोडा पडतो, खळगे बुजतात. गर्दी बघून आपण निर्धास्त होतो, पण एकाच जागी एकाच वेळी जमणं हाच त्यांचा सगळ्यात मोठा धोका आहे असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. २००९ साली संशोधक बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टोडचं वर्णन केलं तेव्हा त्याच्यासाठी ‘झँथोफ्राइन’ ही नवी प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभी केली. तिच्यात जाती दोनच: हा कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला आंबोलीचा, आणि सोमणांनी १९६३ साली नोंदवलेला कोयनेचा. दोघेही सह्याद्रीतलेच. आंबोलीचा गेला तर अर्धी प्रजाती गेली.

संरक्षण म्हटलं की आपण जंगलाचा विचार करतो. सडा मात्र कागदोपत्री बऱ्याचदा ‘पडीक’ असतो, आणि पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. आंबोलीतच हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडातल्या एका माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. त्या कुंडासाठी जे जमलं, ते विणीच्या कातळांसाठीही जमायला हवं, आणि ही मागणी स्थानिकांना सोबत घेऊनच पुढे न्यायला हवी.

तुम्ही पुन्हा जाल तेव्हा रात्री घाटात गाडी सावकाश चालवा. सड्यावर साचलेल्या पाण्यात पाय टाकू नका, फोटोसाठी दगड उलथू नका, जोडीत असलेल्या टोडवर फ्लॅश मारत बसू नका. नोंद जरूर करा, तारीख आणि पावसाची स्थितीही लिहा. फक्त खळग्याचं नेमकं ठिकाण उघड टाकू नका, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे वीस कॅमेरे उभे असतील.