गोळी उष्ण पडली नाही, अडकली

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमची कुडाळ तालुक्यात भातशेती आहे. लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (उंदरांच्या मुतातून होणाऱ्या तापासाठी) म्हणून आशाताई दर आठवड्याला डॉक्सीसायक्लीनच्या 100 मिलिग्रॅमच्या 2 कॅप्सूल देतात. तिसऱ्या आठवड्यात मिस्टरांनी (वय 46) दोन्ही रात्री झोपता झोपता घोटभर पाण्याबरोबर घेतल्या. पहाटे छातीच्या मधोमध अशी कळ आली की पेजसुद्धा गिळवेना. सासूबाई म्हणाल्या, गोळी उष्ण पडली. थंड दूध दिलं, वर ॲसिडिटीचं गुलाबी औषध. आज चौथा दिवस. आता जरा बरं आहे, पण हे म्हणतात, मेलो तरी ती गोळी नको. घरात राहिलेल्या कॅप्सूल जावेला दिल्या तर चालतील का? तिला पाचवा महिना आहे, तरवा (भाताची रोपं) काढायला तीही येते.

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो थांबू शकत नाही. जावेला देऊ नका. एकही नाही. हे औषध कॅल्शियमला धरून बसतं, आणि पोटातल्या बाळाचे दात, हाडं आता घडताहेत. दात पिवळट-तपकिरी निघतात ते याच कारणाने. आठ वर्षांखालच्या मुलांनाही आम्ही ते शक्यतो टाळतो. ती शेतात येतच असेल तर तिच्यासाठी वेगळा विचार तिच्या डॉक्टरांनी करायचा. तोवर पायाला चीर-जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही.

आता मिस्टर. ईसीजी काढला का? पत्रात कुठे उल्लेख नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी पहाटे छातीत कळ आली तर मी आधी हृदय बघते, मग गोळीला दोष देते. गिळताना दुखतं म्हणताय, म्हणून माझा संशय कॅप्सूलवरच आहे, पण पत्रावरून हृदय तपासता येत नाही. तेवढं आजच उरकून घ्या.

कॅप्सूलचं टरफल ओलं झालं की चिकट होतं. घोटभर पाण्याने ती पोटापर्यंत जातच नाही, अन्ननलिकेत छातीच्या मागे चिकटते आणि तिथेच विरघळते. आतलं औषध चांगलंच आम्लधर्मी. त्यात माणूस आडवा, झोपेत लाळसुद्धा फारशी गिळली जात नाही, मग खाली ढकलणार कोण? रात्रभर एकाच जागी चरत राहतं आणि जखम होते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले स्वतःच्या छातीतून. इंटर्नशिपला असताना हेच औषध चालू होतं. ड्युटी संपवून पहाटे 4 वाजता कपातल्या गार चहाबरोबर कॅप्सूल टाकली आणि तशीच पडले. पुढे सहा दिवस मऊ भात गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. लिहून देणाऱ्यांनी काही सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठे विचारलं?

सासूबाईंना बोल लावू नका. आमच्याकडे निम्मी औषधं ‘उष्ण’च असतात. पण उतारा म्हणून त्यांनी जे दिलं, त्यात गोम आहे. दुधाने या औषधाचा साधारण पाचवा हिस्सा फुकट जातो. ॲसिडिटीच्या औषधातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम आणि रक्तवाढीच्या गोळीतलं लोह त्याहून जास्त खातं. म्हणजे छातीची आग शमवता शमवता लेप्टोचा बंदोबस्त ढिला. दूध, ॲसिडिटीचं औषध यांच्यात आणि कॅप्सूलमध्ये दोन-तीन तास जाऊ द्या, लोहाच्या गोळीत तर तीन तास धराच.

पुढची मात्रा कधी, ते गिळताना अजिबात दुखेनासं झाल्यावर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ही जखम बहुतेकदा काही दिवसांत भरते. आठवड्यानंतरही दुखत असेल, उलटीत रक्त दिसलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर मात्र दवाखाना गाठा. आणि पुन्हा सुरू कराल तेव्हा रात्री नाही, सकाळी. पेज जेवून झाली की उभ्याने, एका वेळी एकच कॅप्सूल, दोन्ही मिळून भरलेलं फुलपात्र संपवायचं. पेशंटला मी फुलपात्र हातात धरून दाखवते, कारण ‘भरपूर पाणी’ म्हटलं की लोक दोन घोट समजतात. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. शेतावर चालत गेलात की तो आपोआप जातो! या औषधावर ऊन लवकर लागतं, ढगाळ दिवशीही, तेव्हा अंगभर कपडे घाला.

गोळी सोडली तर काय? सक्ती कोणी करणार नाही. पण उंदराच्या मुताने बाटलेलं पाणी चिखलात असतं, आणि दिवसभर भिजून मऊ झालेल्या कातडीतून, भेगांतून ते जंतू आत शिरतात. गमबूट जोताला अडचणीचे होतात हे मला ठाऊक आहे. बांधावर, गोठ्यात तरी घाला.

गोळ्या घेतल्या म्हणून लेप्टो होणारच नाही, असंही नाही. चिखलात काम केल्यावर साधारण महिन्याच्या आत ताप, पोटऱ्या दाबल्या तरी ओरडावं असं दुखणं, डोळे लाल, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. शेतात उतरत होतो, हे स्वतःहून सांगा. अशा वेळी घरातल्या 2 कॅप्सूल घेऊन वाट बघणं हा सगळ्यात वाईट मार्ग. आठवड्याच्या 2 कॅप्सूल बचावासाठी असतात. आजार झाला तर सौम्य असतानाच 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस द्यावं लागतं. लघवी कमी झाली किंवा कावीळ दिसली की गोळ्यांचा प्रश्नच मिटला, भरती होऊन इंजेक्शनंच लागतात.

राहिलेली स्ट्रिप आशाताईंना परत करा, आणि मिस्टरांचं काय झालं तेही सांगा. त्या वाडीत आणखी कितीतरी घरांत हीच कॅप्सूल देत असतील.