‘कामास आले’ म्हणजे नोकरीस लागले का?

एका वाचकाने घरातल्या मोडी सनदेचं लिप्यंतर करून घेतलं आहे. त्यात पूर्वजाविषयी असं वाक्य आहे: ‘शिलेदार हे स्वारीत सरकारकामास आले. सबब यांचे पुत्राचे बालपरवेशीस मौजे मजकूरपैकी जमीन चावर नीम इनाम करार करून दिल्ही असे.’ घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की हे आजोबा फौजेत नोकरीस लागले, त्यांनी पराक्रम गाजवला आणि बक्षीस म्हणून जमीन घेऊन गावी परतले. तेव्हा ‘कामास आले’ म्हणजे सेवेत रुजू झाले, असंच समजायचं ना, असा त्यांचा प्रश्न आहे.

तसं समजू नका. ‘सरकारकामास आले’ म्हणजे लढाईत पडले, ठार झाले. हे आजोबा परत आलेच नाहीत.

आज आपण ‘अनुभव कामी आला’ म्हणतो तेव्हा उपयोगी पडणं एवढाच अर्थ मनात असतो, म्हणून ही गल्लत सहज होते. पण बखरी आणि पेशवाईतली पत्रं वाचायला घेतली की ‘अमके कामास आले’ हे मृत्यूची खबर देणारं वाक्य वारंवार भेटतं. हिंदीत ‘काम आना’चा हा अर्थ अजून टिकून आहे. धन्याच्या कामी देह खर्ची पडला, असा त्यामागचा भाव. पानिपताची खबर देताना ‘दोन मोती गळाली’ असं लिहिलं गेलं, त्याच काळाची ही भाषा आहे. मृत्यू उघडपणे लिहायचा नाही, पण वाचणाऱ्याला नेमकं कळलं पाहिजे.

शंका राहिलीच तर पुढचा ‘बालपरवेशी’ हा शब्द ती फेडतो. बाल अधिक फारसी ‘परवरिश’, म्हणजे पालनपोषण. सरकारकामात पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोटापाण्यासाठी दिलेली जमीन किंवा नेमणूक म्हणजे बालपरवेशी. बाप हयात असता तर हा शब्द इथे आलाच नसता. म्हणून ही जमीन पराक्रमाचं बक्षीस म्हणण्यापेक्षा पोरक्या लेकराची सोय म्हणणं जास्त खरं आहे. मला तरी त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट जास्तच मोल वाटतं.

‘शिलेदार’बद्दल थोडक्यात. अरबी ‘सिलाह’ म्हणजे हत्यार. शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडं सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. म्हणजे घरात घोडं बाळगण्याची ऐपत आधीपासून होती.

‘इनाम’ आणि ‘सरंजाम’ यांची मात्र गफलत करू नका. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. तो चाकरीशी बांधलेला, वारसाच्या नावे पुन्हा करार व्हावा लागे. इनाम सहसा ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ चालवायचं असे. तुमच्या सनदेत ही शब्दयोजना पुढे कुठे येते का, ते नीट पाहा. घरात ‘आमचा सरंजाम होता’ असं म्हणत असतील, तरी या कागदावरून तसं म्हणता येणार नाही.

‘चावर नीम’ म्हणजे अर्धा चावर. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. म्हणजे साठ बिघे. याचे एकर काढायचा मोह आवरा, कारण काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती. इंग्रजी मोजणीनंतर एकर-गुंठे आले. त्यांचा सनदेतल्या आकड्याशी ताळा जमला नाही म्हणून जमीन कोणी लाटली असा निष्कर्ष लगेच काढू नये. मागोवा घ्यायचा तर सातबाऱ्याबरोबर गाव नमुना 3, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, आणि जुने फेरफार मागा. 1852 च्या कायद्यानंतर इनामांची जी चौकशी झाली, तिच्यात पुष्कळ घराण्यांना अशाच सनदा पुढे कराव्या लागल्या होत्या.

सनदेवरचं साल ‘सलास सितैन मया व अलफ’ असल्याचं याच वाचकाने कळवलं आहे. तीन, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) 1163. त्यात 599 मिळवले की 1762 येतं, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने 1762-63 धरावं. पानिपत जानेवारी 1761 चं, म्हणून लगेच ‘आमचे आजोबा पानिपतावर पडले’ असं मांडू नका. कागदात नुसतं ‘स्वारीत’ आहे, स्वारीचं नाव नाही.

आणखी एक बघा. अशा सनदांच्या सुरुवातीला बहुधा कोणी हुजूर येऊन विनंती केली ते लिहिलेलं असतं. मुलगा अजाण, मग अर्ज कोणी केला? पुरुषाच्या नावापुढे बापाच्या नावाआधी ‘बिन’ येतं, बाईच्या नावापुढे नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’. लिप्यंतर करणाऱ्याला ती पहिली ओळ पुन्हा वाचायला सांगा आणि ‘कोम’ दिसतं का ते विचारा. दिसलं तर त्याच्या आधी असलेलं नाव त्या शिलेदाराच्या बायकोचं असेल. तुमच्या वंशावळीत ते बहुतेक कुठेच लिहिलेलं नसणार.