अमेरिकेनं पश्चिमेकडची जमीन विकत घेतली की लढून घेतली?

दोन्ही, आणि कॅलिफोर्नियाच्या बाबतीत तर एकाच करारात दोन्ही. 1803 ची लुइझियाना मात्र सरळ खरेदी होती, हैतीत सैन्य गमावलेल्या नेपोलियनला ब्रिटनशी लढायला पैसे हवे होते म्हणून त्याने मिसिसिपीपासून रॉकी पर्वतापर्यंतचा पट्टा दीड कोटी डॉलरला देऊन टाकला आणि अमेरिका जवळपास दुप्पट झाली. पुढे 1845 ला टेक्सास सामील करून घेतल्यावर सीमा न्यूएसेस नदी की रिओ ग्रांदे यावरून मेक्सिकोशी वाजलं, 1846 ला युद्ध, आणि मेक्सिको सिटी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात असताना 1848 चा ग्वादालुपे इदाल्गो करार झाला, त्यात कॅलिफोर्निया अमेरिकेला मिळालं. त्याच्या कलम 12 मध्ये मेक्सिकोला दीड कोटी डॉलर द्यायचं लिहिलंय, त्यामुळे कागदावर ती विक्री वाटते, पण राजधानीत शत्रूचं सैन्य बसलेलं असताना नाही कोण म्हणणार? ऑरेगनचं तेवढं 1846 ला ब्रिटनशी बोलून मिटलं. फक्त एक, लुइझियानात फ्रान्सने विकला तो खरं तर कागदावरचा हक्क, जमिनीवर ओसेज, लकोटा वगैरे मूळनिवासी लोक राहतच होते, त्यांना कोणी विचारलंच नाही, त्यांच्याकडून जमीन काढून घ्यायला नंतर वेगळे करार आणि वेगळी युद्धं झाली.