बेबी कालव्याचं पाणी आणि जमिनीतले जड धातू

प्रश्न (हवेली व दौंड तालुक्यांतील शेतकरी): मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) पुणे शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात येतं. ते देऊन जमिनीत शिसं, कॅडमियम साठतं का? पालेभाज्या घ्याव्यात का?

उत्तर: साठतं, पण हळूहळू. प्रक्रियेत बरेचसे जड धातू गाळात उतरतात, पाण्यात थोडे राहतात. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी जागतिक अन्न व कृषी संघटनेची शिफारस आहे. अगदी या मर्यादेवरचं पाणी वर्षाला एकरी ४० लाख लिटर दिलं, तर शेतात ४० ग्रॅम कॅडमियम पडतं. वरच्या १५ सेंटिमीटर थरात ही वाढ किलोमागे साधारण ०.०५ मिलिग्रॅम भरते. पाटपाण्यावरच्या उसाला पाणी याच्या दुपटीहून जास्त लागतं, हेही धरा. एका हंगामात काहीच जाणवत नाही. पण नत्र उडून जातं, तसं हे जात नाही. २० वर्षांत किलोमागे १ मिलिग्रॅमची भर पडते.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो, त्यामुळे धातू मातीला धरून राहतात आणि पिकात कमी जातात. हा आपला मोठा आधार आहे. मात्र क्षारांमधलं क्लोराईड वाढलं की कॅडमियम पिकाला सहज मिळू लागतं, म्हणून पाण्याची क्षारताही तपासा, निचरा मोकळा ठेवा.

पालक, मेथी, कोथिंबीर या पाण्यावर घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दाण्या-फळांपेक्षा पानांत धातू जास्त साठतात. भाजी धुतल्यानं वरची धूळ जाते, आत शिरलेलं कॅडमियम जात नाही. ऊस, फुलपिकं चालतील. पालेभाजी घ्यायचीच असेल, तर विहिरीचं पाणी तपासून त्यावर घ्या. शुद्धीकरण केंद्रातला गाळ फुकट मिळाला तरी तपासणीशिवाय शेतात टाकू नका. धातू तिथेच गोळा झालेले असतात.

जमीन आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबं कळतं. शिसं, कॅडमियम त्यात नसतं. त्यामुळे प्रयोगशाळेत जड धातूंची तपासणी वेगळी मागा. नमुना कालव्याच्या पाण्याखालच्या आणि कोरडवाहू अशा दोन्ही तुकड्यांतून, वरच्या १५ सेंटिमीटरमधून घ्या. जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं वापरू नका, प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी खुरपं घ्या. अहवाल जपून ठेवा आणि दर तीन वर्षांनी त्याच जागेचा नमुना पुन्हा द्या.