गळती वरच्या मजल्यावर असते

बाळ,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी माझ्याशेजारी मायक्रोस्कोपला बसून, बसवलेल्या परक्या हृदयावर शरीर ज्या अँटिबॉडी सोडतं त्यांच्याबद्दल तू विचारलंस, "मॅडम, रिटुक्सिमॅबने बी सेल शून्यावर आले, तरी अँटिबॉडी उतरत का नाहीत?" मी नुसतं "वाच" म्हणून उठले. रात्रभर झोप लागली नाही.

परळच्या चाळीत आमच्या छताला दर पावसाळ्यात ओल यायची. वडील चुना मारायचे, पुढच्या जूनमध्ये डाग पुन्हा तिथेच. गळती वरच्या मोरीत होती.

रिटुक्सिमॅब हे औषध बी सेल या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी-२० या खुणेला धरतं. तोच बी सेल पिकून प्लाझ्मा सेल झाला की ती खूण टाकतो आणि अस्थिमज्जेत ठाण मांडतो, वर्षानुवर्षं. तिथून तो अँटिबॉडी सोडत राहतो. दात्याच्या हृदयातल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर जे एचएलए, म्हणजे परकेपणाची खूण, असतं त्याला त्या चिकटतात, कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली हल्ला करणारी प्रथिनं, जागं होतं, आणि बायोप्सीला रंग लावला की तुला दिसतात ती सी-४-डी ची, त्या हल्ल्याच्या मागे उरलेल्या तुकड्याची, तपकिरी कडी. तो डाग. गळती वर आहे.

तेवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या शहरात असताना, मी नवं हृदय बसवलेल्या एका बाईची बायोप्सी पाहिली. स्नायूंत लिम्फोसाइट, म्हणजे नेहमीच्या रिजेक्शनमध्ये घुसणाऱ्या पेशी, नव्हते. 'रिजेक्शन नाही', म्हणजे शरीर हृदय नाकारत नाही, असं लिहून सही केली. पण केशवाहिन्यांचं अस्तर फुगलं होतं, आत मॅक्रोफेज, म्हणजे मोडतोड गिळणाऱ्या पेशी, अडकले होते; अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण ती. ती स्लाइड आजही डोळे मिटून काढून दाखवीन. तीन बाळंतपणं, दोनदा रक्त चढवलेलं, परक्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात त्या अशानेच, आणि सगळं केसपेपरवर होतं. चार दिवसांत पंपिंग ढासळलं. प्लाझ्माफेरेसिस केलं, अँटिबॉडी उतरल्या, आम्ही हुश्श केलं. प्लाझ्मा सेल जागच्या जागी होते. अँटिबॉडी परत चढल्या आणि बाई गेली.

अँटिबॉडीने होणाऱ्या रिजेक्शनला जागतिक वर्गीकरणात ठळक जागा मिळाली ती २००५ च्या सुधारणेत. आमच्याकडे तेव्हा सी-४-डी लावतच नसत. माझ्या जागी कुणीही तीच सही केली असती, हे मी आजही म्हणते. पण केसपेपर वाचायला कुठलं यंत्र लागतं?

म्हणून अँटिबॉडीचा आकडा खाली आला की तू आनंदाने फोन करतेस ना, तेव्हा मला राग येतो. आकडा म्हणजे मारलेला चुना. प्लाझ्माफेरेसिस रक्त गाळतं, वरचा नळ बंद करत नाही. बोर्टेझोमिब हे औषध प्लाझ्मा सेलवरच जातं, म्हणून तर ते मायलोमा या प्लाझ्मा सेलच्या कॅन्सरमधून इकडे आलं. पण तेही सगळे मारत नाही, आणि हातापायांच्या नसा दुखावतं. रिटुक्सिमॅब फुकट गेलं असंही लिहू नकोस. नवे प्लाझ्मा सेल ज्यांच्यातून घडतात ते बी सेल त्याने कमी होतात. गळती शोध, बाई, गळती!

प्रबंधाचा विषय बदलणार म्हणे. मुळीच नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत इथेच, केईएममध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदललं. रुग्ण काही तासच जगला. आज हृदय बसवणारे हात मुंबईत आहेत. बसवलेलं टिकवण्याचं काम तुझं-माझं आहे.

गुरुवारी येताना तुझ्या पेशंटच्या जुन्या फायली आण. लहानपणीच्या ऑपरेशनला रक्त किती बाटल्या चढवलं, ते त्याच्या आईला विचार. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली असते ती, तू रोज तिच्यासमोरून जातेस.

तुझी,
मॅडम