पहिली बंदूक घेण्याआधी

प्रिय बाय,

तुझा निरोप पोचला. दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर ट्रॅपच्या, म्हणजे यंत्राने समोर दूर फेकलेल्या, 25 क्लेंतले (तबकड्यांतले) 11 फोडलेस आणि परतताना गाडीतच बंदूक घ्यायचं ठरवलंस. फार बरं वाटलं. आता पैसे मोजायच्या आधी माझं थोडं ऐक.

गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात बंदूक काही नवलाची नाही. काजू आणि कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) राखायला कितीतरी घरांनी परवाने काढलेत. माझ्याकडेही घरातलीच आली, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा वाढला की नळी अरुंद), दोन नळ्या शेजारी शेजारी. रीतसर नावावर करून घेतली आणि तिच्यावरच क्लेचा सराव सुरू केला. वर्षभर छर्रे लक्ष्याच्या डावीकडून जात राहिले. हात बसत नाही असं समजून मी काडतुसांमागून काडतुसं उडवली. शेवटी एका वयस्कर नेमबाजांनी माझे डोळे तपासले. बंदूक उजव्या खांद्यावर, पण जोर डाव्या डोळ्याचा! त्या वर्षाची हळहळ मला अजून वाटते, म्हणून तुझ्या बाबतीत सुरुवात डोळ्यापासूनच.

मंगेशीच्या देवळात जाशील तेव्हा दोन्ही हात ताठ पुढे धरून तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेव. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दीपस्तंभाचं टोक बघ. मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याला टोक जागच्या जागी दिसेल, तो तुझा मुख्य डोळा. तो डावा निघाला तर आत्ताच डाव्या खांद्यावर नेमबाजी शिक. हाताला एकदा सवय लागली की खांदा बदलणं फार जड जातं.

त्यानंतर बघायचं ते बंदूक अंगाला बसते का. दुकानात नळ्या रिकाम्या आहेत याची स्वतः खात्री कर. सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिट, बंदूक खांद्याला लाव, गाल दस्त्यावर (खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागावर) टेकव आणि मग डोळे उघड. नजर नळीवरच्या पट्टीवरून सरळ टोकाशी असलेल्या नेमाच्या मण्याला भिडली पाहिजे. मान वाकवावी लागली किंवा गाल उचलावा लागला तर ती बंदूक तुझी नव्हे, मग ती कितीही देखणी असो. दस्ता लांब असेल तर कारागीर कापून देतो, आखूड असेल तर मागे रबराची गादी जाड बसवतो. त्याच्या मजुरीत काटकसर करू नकोस.

मुलगी म्हणून तुला कुणीतरी हलकी वीस बोअर घ्यायला सांगेल. माझं मत उलट आहे. छर्ऱ्यांचा तेवढाच भार हलक्या बंदुकीतून जास्त धक्का देतो, आणि खांदा दुखला की मनात भीती बसते. साडेतीन किलोच्या आसपासची बारा बोअर घे आणि तिच्यात 24 ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसं वापर. ऑलिंपिकच्या प्रकारांतही याहून जड भार चालत नाही. नळ्या एकावर एक असलेली ओव्हर-अंडर बघ. तिच्यात नजरेला एकच अरुंद रेघ मिळते, आणि रेंजवर ती बिजागरीतून उघडून ठेवली की रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. ट्रॅप की स्कीट (यात तबकड्या दोन बाजूंनी आडव्या उडतात) हे अजून तुझं ठरलेलं नाही, तेव्हा चोक (छर्रे किती पसरतील ते ठरवणारं नळीचं अरुंद तोंड) बदलता येणारी, 30 इंची नळ्यांची बंदूक दोन्हीकडे चालेल. खास ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी उंच मारते, कारण तिथलं लक्ष्य वर चढत दूर जातं. स्कीटला तीच आडवी येईल.

नवीच हवी असा हट्ट धरू नकोस. वापरलेली चांगली मिळाली तर पुढची लाकडी मूठ काढून नळ्या हलवून बघ. बिजागरीत खडखड जाणवली तर सोडून दे. नळीतून उजेडाकडे बघ, आत गंजाचे खड्डे दिसता कामा नयेत. आपल्याकडे हे जास्त जपावं लागतं. इथला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पोलादाला खातो. माझ्या एका मित्राने बंदूक चामड्याच्या बंद पेटीत ठेवली आणि चतुर्थीला उघडली, तर नळ्यांवर तांबूस ठिपके. घामाच्या हाताने धरलीस तर त्याच संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पूस, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बाहेर काढ. बंदूक कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. तुला 21 पूर्ण झालीत, म्हणजे अर्ज करता येईल. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस चौकशी होते आणि वेळ लागतो. तो वेळ रेंजच्या बंदुका वापरण्यात घालव. तीन-चार वेगवेगळ्या हाताळून बघ, आणि प्रत्येकीच्या दस्त्याची लांबी वहीत मांडून ठेव.

दिवाळीला गावी येशील तेव्हा ती वही घेऊन ये. माझ्याकडे टेप आहे. तुझ्या कोपरापासून बोटापर्यंतचं माप घेऊ आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघू.

तुझा,
काका