रोज वावरात राबणाऱ्या माणसाला हार्ट अटॅक कसा येतो?

तुम्ही विचारले आहे की, वडील 56 वर्षांचे, सडपातळ, रोज वावरात राबणारे आणि खर्ऱ्याशिवाय (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले मिश्रण) दुसरे व्यसन नसलेले. तरी त्यांना हृदयविकाराचा झटका कसा आला आणि आता त्यांनी शेतीकाम करावे की नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. रुग्णांचे नातेवाईक मला हाच प्रश्न नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विश्रांती घेत असताना हृदय मिनिटाला साधारण 70 ठोक्यांत सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून चालताना हे प्रमाण दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. काम वाढले की हातापायांचे स्नायू त्याच रक्तातून जास्त प्राणवायू शोषून घेतात. हृदयाच्या स्नायूला ती सोय फारशी नाही, कारण बसल्या जागीसुद्धा तो आपल्याकडे आलेल्या रक्तातील सुमारे 70 टक्के प्राणवायू वापरत असतो. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या, म्हणजे करोनरी धमन्यांतून अधिक रक्त वाहणे हाच त्याच्यासाठी मार्ग उरतो. त्यातही डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात, आणि ठोके वाढले की हा विसावा आखडत जातो. निरोगी धमनी रुंदावून ही उणीव भरून काढते, पण आतून चरबीचा थर साचलेल्या धमनीला ते जमत नाही.

कष्टाने हृदयाची ताकद वाढते, रक्तदाब आणि साखर काबूत राहायला मदत होते, हे खरेच आहे. मात्र धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला तंबाखू, वर्षानुवर्षे कधी न मोजलेला रक्तदाब, मधुमेह किंवा घराण्यात चालत आलेले वाढीव कोलेस्टेरॉल यांनी होणारी इजा केवळ कष्टाने टळत नाही. खर्ऱ्याला मी वेगळे व्यसन न मानता तंबाखूच मानतो: त्यातील निकोटीन ठोके व रक्तदाब वाढवते आणि धमन्या आकसवते. एका शेतकऱ्याचा ईसीजी काढताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पन्नीत घोटलेला, अर्धा संपलेला खर्रा होता. दोन महिन्यांपासून कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन धुरा (शेताचा बांध) चढताना त्यांची छाती आवळत असे आणि खाली बसले की पाच मिनिटांत मोकळी होत असे. घरच्यांनी ते गॅसवर ढकलले होते. श्रमाने येणारी आणि विसाव्याने जाणारी ही कळ म्हणजे वर सांगितलेल्या रक्ताच्या तुटवड्याचेच लक्षण होय.

झटका येण्याची तऱ्हा मात्र निराळी आहे. साचलेल्या थराचे आवरण अचानक फाटते, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि धमनी बंद होते. फाटणारा थर पुष्कळदा मोठा नसतो, त्याने आधी वाटही फारशी अडवलेली नसते. म्हणूनच कालपर्यंत दिवसभर डवरणी करणारा माणूस आज पहाटे घामाघूम होऊन कोसळतो.

आता कामाविषयी. हृदय किती सावरले आहे हे इको तपासणीवरून (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) पाहून डॉक्टर परवानगी देतील. तोवर सपाट रस्त्यावर, बोलता बोलता चालता येईल इतक्याच वेगाने चालणे पुरे. खताचे पोते श्वास रोखून उचलू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. आपल्याकडच्या मे महिन्यातील दुपार तर पूर्ण टाळावी: अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावे लागते, आणि घामामुळे रक्तातील पाणी आधीच घटलेले असते. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) बसवला असेल, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद करू नयेत. तसे केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. खर्रा आजच सुटला पाहिजे. आणि छाती पुन्हा आवळून आली व पाच मिनिटे बसूनही सुटली नाही, तर मोटारसायकलवर मधे बसवून नेण्याऐवजी 108 ला फोन करा, कारण वाटेत हृदयाची लय बिघडली तर मोटारसायकलवर काहीच करता येत नाही.